मुलींच्या तोंडचे शब्द

चंडीगड, सेक्टर ७
२० नोव्हेंबर १९८८

नलूताई,

नमस्कार. पाकिटावरचा पत्ता ह्यांच्या अक्षरात घालून घेतलाय. श्यामकांतरावांचं पत्र समजून तरी भाऊजी ते तुझ्या हातात देतील.

दिवाळी होऊन दहा दिवस झाले. यंदा तुझ्याकडून उटण्याची पुडी आली नाही. चारूनं विचारलं, "मम्मी, मौसीने पार्सल नहीं भेजा?" चौदा वर्षांचा झाला, मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीतच. मी म्हटलं, हल्ली टपाल उशिरा येतं. इथं रोज काही ना काही बंद असतं, त्यामुळे त्याला ते पटलं.

आईच्या गोड्या मसाल्याचं प्रमाण विचारायला लिहिते आहे. कागद सापडत नाही.

हे खरं नाही. कागद डब्यातच आहे. दुसरं काही लिहायचं धाडस होईना, म्हणून मसाल्यावर आले.

तुझ्या सुरेशच्या लग्नाला सहा महिने झाले. त्या दुपारी पंगती उठल्यावर मी जे बोलले ते तुझ्या सासरच्या सगळ्या गोतावळ्यानं ऐकलं. तुला आठवण करून द्यायला नको, पण मला ते एकदा कागदावर उतरवून बघायचंय. मागच्या अंगणात तुझ्याकडची कृष्णा भांडी घासत होती. अकरा वर्षांची पोर, कोपरापर्यंत राख, पहाटेपासून टेकलेली नव्हती. मी म्हटलं, ताई, हे बरं नाही. तू म्हणालीस, आज नको गं, घरात कार्य आहे. तिथं मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, हा गुन्हा आहे, कायदा झालाय. भाऊजी वकील माणूस. ते शांतपणे म्हणाले, "रत्नप्रभा, त्या कायद्यात घरकाम येत नाही. आधी वाचून ये." सगळे हसले. मग मी म्हटलं, "कायद्याचं राहू द्या. पोरीनंच मला सांगितलंय. तिला इथं राहायचं नाही. रोज रात्री रडते ती."

तू कृष्णाकडे बघितलंस. तिनं मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी तू तिचं गाठोडं बांधून तिला टाकळीला तिच्या आईकडे पाठवलंस आणि मला म्हणालीस, "झालं तुझं समाधान?" त्यानंतर आपण बोललो नाही.

मला भांडण उकरायचं नाही. तेवढी ताकदही नाही. कृष्णा कशी आहे, एवढंच कळव. आईकडेच आहे ना?

तुझी
रत्ना


११ डिसेंबर १९८८

नलूताई,

उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. म्हणून पुन्हा लिहिते.

मी इथं काय करते ते तुला मी कधी धड सांगितलंच नाही. लग्नात सांगितलं ते भाषण होतं. ह्यांची टेलिफोन खात्यातली बदली होऊन तीन वर्षं झाली. पहिली दोन मी घरात बसून काढली. हे सेक्टर सतराच्या ऑफिसातून वेळेवर आले नाहीत की फाटकाशी उभी राहायची, तेवढाच उद्योग. मग ग्रेवालबाईंची ओळख झाली. मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. दिल्लीच्या एका संस्थेसाठी कामाला जाणाऱ्या मुलींचा अभ्यास करतात. यंदाच्या जानेवारीत मी त्यांच्याकडे लागले.

मनीमाजऱ्याच्या गल्ल्यांतून शंभरेक मुली रोज सकाळी सुखना चो नावाच्या ओढ्यावरचा पूल ओलांडून इकडे सेक्टरांतल्या कोठ्यांवर येतात. कोठी म्हणजे इथले बंगले. झाडू, पोछा, भांडी, कुणाचं तान्हं मूल सांभाळणं. आठ वर्षांपासून तेरापर्यंत वयं. बहुतेकांचे आईबाप उत्तर प्रदेशातून आलेले.

मला वाटलं होतं छापील कागद घेऊन प्रश्न विचारायचे आणि खुणा करायच्या. कागद होताही. ग्रेवालबाईंनी तो बाजूला ठेवला. म्हणाल्या, "इनका दिन इनसे ज़्यादा कौन जानता है?" काय विचारायचं तेही ह्याच ठरवतील, म्हणे. दुपारी दोन्ही वेळच्या कामांच्या मधल्या दीड तासात आम्ही एका धर्मशाळेच्या ओसरीवर बसतो. मुलींनी जमिनीवर खडूनं मोठा गोल काढला, त्यात पहाटेपासून रात्रीपर्यंतचे तास मांडले. मग राजम्याचे दाणे. जो तास जास्त जड, त्यावर जास्त दाणे.

रामरती म्हणून बारा वर्षांची एक मुलगी आहे, गोंडा जिल्ह्याकडची. बोलते कमी, पण बाकीच्या तिच्याकडे बघून हलतात. मला वाटलं ती भांड्यांच्या तासावर मूठभर दाणे ठेवेल. तिनं तिथं दोन ठेवले आणि उरलेले सगळे संध्याकाळी सहावर ओतले. मी विचारलं, सहाला काय असतं? म्हणाली, "छुट्टी."

मला कळेना. मग ती म्हणाली, "अंधेरा होता है जी. पुल पर नाका."

नाका म्हणजे पोलिसांची तपासणी चौकी. थंडीत इथं साडेपाचला अंधारतं. शहर सहालाच दारं लावून घेतं. पाहुण्यांचा चहा होईपर्यंत मुलींना थांबवून घेतात आणि त्या अंधारात त्या पुलावरून चालत घरी जातात.

दुसरा ढीग कशावर होता सांगू? फाटकाशी पडलेल्या पिशवीवर. इथं बसमध्ये, बाजारात सगळीकडे पाट्या आहेत, बेवारस वस्तूला हात लावू नका, बॉम्ब असेल. कोठीच्या फाटकाशी अशी पिशवी दिसली की मुलीला सांगतात, जा, बघ काय आहे. सातजणींनी हात वर केला. आमच्या छापील कागदावर हा प्रश्न नव्हता, ताई. कुणाला सुचलाच नसता.

एक नियम आहे. मुली जे बोलतील ते लिहायचं आणि पुढच्या वेळी त्यांना वाचून दाखवायचं. त्यांनी खोडायला सांगितलं तर खोडायचं. शन्नो नावाची नऊ वर्षांची एक आहे. तिच्याबद्दल मी लिहिलं होतं, मालकीण मारते. वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "मैंने ऐसा नहीं कहा."

मी म्हटलं, "पर तुम तो रो रही थी."

"रो रही थी. मारा, नहीं कहा. काट दो."

मी खोडलं. त्या दिवशी घरी आले तर अंग मोडून आलं होतं. स्वयंपाक केला नाही, ह्यांनी खिचडी लावली.

कृष्णाचं काही कळलं का?

रत्ना


१७ जानेवारी १९८९

नलूताई,

आठ दिवसांपूर्वी दुपारी अचानक कर्फ्यू लागला. कुठं स्फोट झाला म्हणे. कुणी बस स्टँड सांगितलं, कुणी आणखी काही. पोलिसांची जीप भोंग्यावरून ओरडत गेली. चारू शाळेतून आला होता. हे ऑफिसातच अडकले, पण फोन तरी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तासांची सूट मिळाली. मी दुधाच्या रांगेत उभी होते तर रामरतीचे वडील मला शोधत आले. चेहरा पांढरा पडलेला. "बहनजी, लड़की घर नहीं आई."

ती सेक्टर आठमधल्या ज्या कोठीवर जाते तिथं आम्ही दोघं धावत गेलो. मालकीणबाई फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, कर्फ्यूचं कळल्याबरोबर आम्ही तिला घरी पाठवलं. साडेचारला. परक्याची मुलगी, काही झालं तर आमच्यावर यायचं. वाईट बाई नाही ती, ताई. तिनंही रात्र जागून काढली असावी. पण फाटक तिनं आतून लावून घेतलं होतं, आणि बोलतानाही ते उघडलं नाही.

नाक्यावर कुणाला काही माहीत नव्हतं. सूट संपायला अर्धा तास राहिला, मला घरी फिरावं लागलं. तो माणूस एकटाच पुढं गेला. दिवसभर मी घरात होते. चारू म्हणत होता, "मम्मी, बैठ जाओ." बसता येईना. एकच डोक्यात होतं, की आम्ही तिला विचारलं होतं. कुठला तास जड, ते तिनं महिनाभर आधी मांडून दाखवलं होतं, आणि आम्ही वहीत लिहून घेतलं होतं.

सापडली. तिसऱ्या दिवशी. पुलावरून तिला परत पाठवलं होतं. ती कोठीवर गेली तर फाटकाला कुलूप. हाका मारल्या, आतून कुणी आलं नाही. मग सेक्टर सव्वीसच्या धान्यबाजारात गेली. तिथल्या म्हाताऱ्या सरदार चौकीदारानं तिला गोण्यांच्या आडोशाला बसवलं, दोन दिवस स्वतःच्या डब्यातली रोटी दिली आणि कर्फ्यू उठल्यावर हाताला धरून घरी पोचवलं. तो तिच्या वडिलांना म्हणाला, माझी नात हिच्याएवढीच आहे. चहासुद्धा न घेता गेला.

मी तिला भेटायला गेले. ती खाटेवर बसून बटाटे सोलत होती. मी विचारलं, घाबरली होतीस का? तिनं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा बटाटे सोलायला लागली.

मी फार दमले आहे, ताई. तू एक ओळ लिही.

रत्ना


२६ फेब्रुवारी १९८९

नलूताई,

रामरती गेली. तिच्या वडिलांनी गावी परतायचं ठरवलं. गल्लीतली चार कुटुंबं एकदम निघाली. कुणी धमकी दिली असं नाही, भीतीनंच.

निघायच्या आदल्या दिवशी ती ओसरीवर आली. म्हणाली, माझं वाचून दाखवा. मी तिच्या नावाखालचं सगळं वाचलं. तिनं एक वाक्य खोडायला लावलं, एक घालायला लावलं. ते कुलूप लावलेल्या गेटचं. मी विचारलं, मालकिणीचं नाव लिहू? "नाम मत लिखना," ती म्हणाली. "गेट लिखना."

ती गेल्यावर मी ग्रेवालबाईंना म्हटलं, मला हे काम जमणार नाही. त्यांनी कारण विचारलं. त्या स्वतः किती थकल्या आहेत ते मला दिसत होतं. त्यांचा पुतण्या ऑक्टोबरपासून बेपत्ता आहे, एवढंच त्या एकदा बोलल्या होत्या. त्यांच्यापुढं आपलं रडगाणं काय गायचं? पण मी सांगितलं. आणि त्यांना सांगितलं तर तुला सांगायलाच हवं.

कृष्णा मला तसं कधीच म्हणाली नव्हती.

रोज रात्री रडते, इथं राहायचं नाही, यातलं एक अक्षर ती बोलली नव्हती. लग्नाच्या चार दिवसांत मी तिच्याशी जेमतेम दोनदा बोलले. एकदा पाणी मागितलं. एकदा तिला विचारलं, शाळेत जातेस का, तर ती म्हणाली, बाई रात्री शिकवतात आणि शिवणाच्या मशीनवर बसवतात. भाऊजी बोलले, लोक हसले, आणि मला काहीतरी हवं होतं ज्यापुढं कुणाला बोलता येणार नाही. ते मी तिच्या तोंडी घातलं.

अजून आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तू तिचं गाठोडं बांधत होतीस तेव्हा ती माझ्याकडे न्हाणीघराच्या दाराशी आली होती. म्हणाली, "मावशी, बाईंना सांगा ना, मला ठेवून घ्या म्हणून." आणि मी तिला सांगितलं, "वेडी आहेस का? आईजवळ राहा, शाळेत जा." तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्या गाडीची वेळ झाली होती. तुला येऊन खरं सांगायला दोन मिनिटं लागली असती.

ती तुझ्याकडे राबत होती, हे मी आजही म्हणेन. अकरा वर्षांच्या मुलीनं पहाटे पाचला उठून वीस माणसांचा पसारा आवरू नये. पण मी तिला विचारलं नाही, आणि न विचारता तिच्या वतीनं बोलले. तुला वाटलं पोटच्या पोरीसारखं केलं आणि पोर उलटली. ती उलटली नव्हती.

ग्रेवालबाई सगळं ऐकून म्हणाल्या, "तो उसे जाकर बताओ." मी म्हटलं, ती कुठं आहे मला ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, "जिसको मालूम है, उससे पूछो."

म्हणून विचारते.

रत्ना


१६ एप्रिल १९८९

नलूताई,

तुझं कार्ड मिळालं. पाच ओळी आहेत, पाठ झाल्या. कृष्णा इचलकरंजीला असते. टाकळीत आईला काम मिळेना, म्हणून दोघी मामाकडे गेल्या. यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरते. तू दिवाळीत भेटायला गेली होतीस, पण ती मान वर करून तुझ्याशी बोलली नाही. आणि मी तुझ्या घरी येऊ नये.

येणार नाही. पत्ता दिलास, तेवढं पुरे आहे.

तुझ्या घरात निदान ती रात्री जेवून गोधडीत झोपत होती, अक्षरं गिरवत होती. मी तिला तिथून उचललं आणि मागाच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं. हे तू कार्डावर लिहिलं नाहीस. लिहिलं असतंस तरी चाललं असतं.

मी काम सोडलं नाही. इथलं सांगते. गेल्या महिन्यात मुलींनीच ठरवलं की मालकिणींशी आपण बोलायचं. मला वाटलं होतं कुणी येणार नाही, पण सेक्टर सातच्या सभागृहात वीसबावीस बायका आल्या. इथल्या मराठी मंडळातली पद्मिनी सहस्रबुद्धेही होती. तिचे यजमान एअर फोर्समध्ये आहेत. मुलींनी जमिनीवर गोल काढला, दाणे मांडले. बायका खुर्च्यांवरून वाकून बघत होत्या. पद्मिनी म्हणाली, "हमारे यहाँ तो वह बिलकुल घर की बच्ची है." बऱ्याच जणींनी माना डोलावल्या.

शन्नो कधी चारचौघांत बोलत नाही. ती हातातल्या दाण्यांकडे बघत म्हणाली, "घर के बच्चे तो शाम को बाहर नहीं जाते जी. हमें भेजते हो."

पद्मिनीनं पदरानं तोंड पुसलं. बाहेर पडताना माझ्याशी मराठीत बोलली, "रत्नप्रभाताई, हे तुम्ही शिकवलंत का तिला?" मी म्हटलं, नाही. हे मला खरंच म्हणता आलं, याचं मला किती बरं वाटलं ते तुला सांगता येत नाही.

चौदा घरांनी मान्य केलं, मुलींना चारला सोडायचं आणि फाटकाशी पडलेली वस्तू बघायला पाठवायचं नाही. तीन घरांनी मुलीच काढून टाकल्या. त्यातली एक शन्नो. तिला दुसरं घर मिळालंय, पण जास्त लांब. दुपारच्या दीड तासात आता ग्रेवालबाई त्यांना वाचायला शिकवतात. नियमित येणाऱ्या नऊजणी आहेत. संस्थेला पाठवायचा अहवाल होतो आहे. मोठं काही झालं असं मी म्हणणार नाही. पुलावर अजूनही मुली दिसतात, उजेडात.

चारूची परीक्षा संपली की मी येते आहे. तुझ्याकडे नाही. इचलकरंजीला.

रत्ना


मिरज स्टेशन
१८ मे १९८९, गुरुवार दुपार

नलूताई,

प्रवाशांच्या बाकावर बसून लिहिते आहे, अक्षर वाकडं येतंय.

सकाळी इचलकरंजीला गेले होते. शेड रस्त्यावरच आहे. आवाज इतका, की मुकादमाशी खुणांनी बोलावं लागलं. तो म्हणाला, पाळी सुटेपर्यंत थांबा. मी समोरच्या पायरीवर बसून राहिले.

ती बाहेर आली तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. हातभर उंच झालीय. केसांत, भुवयांवर कापसाचं तूस. तिनं मला लगेच ओळखलं. पहिला प्रश्न विचारला, "मावशी, बाईंना बरं हाय न्हवं?"

मी हो म्हटलं. हॉटेलात नेलं. चहा समोर ठेवला तो तिनं घेतला नाही. मी फार घोळ न घालता सांगितलं. "कृष्णा, लग्नात मी सगळ्यांसमोर म्हटलं ना, की तू मला सांगितलंस, इथं राहायचं नाही. ते मी खोटं बोलले. तू मला तसं काही सांगितलं नव्हतंस."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, रडेल, नाहीतर उठून जाईल.

"म्हंजे मी म्हटलं नव्हतं?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. एक शब्दही नाही."

मग ती म्हणाली, "मला वाटलं, मीच कवातरी बोलले असंन. झोपंत म्हना, न्हाईतर असंच. लई आठवून बघितलं. तुमी मोठी मान्सं, उगं कशाला म्हनाल? दिवाळीत बाई आल्या तर मला त्यांच्याकडं बघवंना."

ताई, वर्षभर. ती वर्षभर आठवून बघत होती.

मला तिच्यापुढं रडायचा हक्क नव्हता, म्हणून रडले नाही. माफी मागितली. केलीस का, असं विचारलं नाही. मग मी तिला विचारलं, तुला काय हवंय? सुचवलं काही नाही, थांबले. तिलाही वेळ लागला. कुणी विचारलेलं नसेल.

तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते. "आईच्यानं काम हुईना, म्हून शेड सोडता येनार न्हाई. शुक्रवारी सुट्टी असती. बाईंची मशीन हाय का अजून? ब्लाउजची बाही ऱ्हायली हुती. सकाळच्या एष्टीनं यीन, सांजच्याला माघारी. पन भांडी न्हाई घासनार. तसं सांगा."

तू बोलावशील असं मी तिला सांगितलेलं नाही. विचारते, एवढंच म्हटलंय.

उद्या शुक्रवार आहे. हे पत्र पेटीत टाकलं तर तुला परवा मिळेल. तेव्हा मी स्टेशनवरून तशीच तुझ्या दाराशी येऊन हे हातात देणार आहे. आत येणार नाही. तू वाच आणि हो की नाही सांग. हो असेल तर पाचच्या एष्टीनं परत इचलकरंजीला जाऊन तिला निरोप देते. नाही असेल तरी जाऊन सांगते. तिनं उद्या स्टँडवर वाट बघत बसू नये.

रत्ना


चंडीगड
२५ जून १९८९

नलूताई,

त्या दिवशी मला उन्हात उभं ठेवून तू ओट्यावर बसून पत्र वाचलंस. दोनदा वाचलंस. मग माझ्याकडे न बघता म्हणालीस, "ये म्हणावं तिला." दार लोटून घेतलंस. मी तक्रार करत नाही. पाचची एष्टी मिळाली, आणि निरोप ऐकून कृष्णानं आईला हाक मारली, त्या आवाजाच्या बळावर मी घरी आले.

काल तुझं कार्ड आलं. या वेळी दोन्ही बाजूंनी भरलेलं. ती पाच शुक्रवार आली. पहिल्या दिवशी दुपारी तू भांडी घेऊन अंगणात बसलीस तर ती मशीन थांबवून खिडकीतून बघत राहिली, उठली नाही, आणि तूही हाक मारली नाहीस. भाऊजींनी तिला एक शुक्रवार पेपर वाचायला बसवलं. दुपारी ती तासभर नुसती झोपते, आणि तू उठवत नाहीस. हे मी ह्यांना वाचून दाखवलं, चारूलाही. तो म्हणाला, "अच्छी है मौसी."

इथं उन्हानं जीव नकोसा झालाय. ग्रेवालबाईंच्या पुतण्याचा पत्ता नाही. शन्नो आता आपलं नाव लिहिते. अहवाल गेला, पुढं त्याचं काय होईल माहीत नाही.

कार्डाच्या शेवटी अगदी कडेला तू लिहिलंयस, "कृष्णा विचारत होती, मावशी परत कधी येणार."

ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. ताई, तिनं खरंच विचारलं का? की तुला स्वतःला लिहिता येईना, म्हणून तिच्या तोंडी घातलंस? खरं काय ते कळव. दोन्हींतलं काहीही असलं तरी मी येईन.

तुझी
रत्ना